कुंचीवरून घेतलेलं माप

३ फेब्रु., मंगळवार
वरकुटे. कोमलची शरयू सात महिन्यांची, अजून मान धरत नाही. आज नुकतीच न्हाऊ घातलेली, डोकं उघडं. टेप लावला, ३८ सेंमी. या वयाला बेचाळीसच्या आसपास हवं. वहीत गेल्या महिन्यात ४१! डोकं आकसतं का कुणाचं? मग लख्ख आठवलं. दर खेपेला लोकरीच्या कुंचीवरूनच मोजत आले. तिची सासू, आक्का, म्हणायच्या, "टाळूला नजर लागती बाई, काढू नगं." आणि मी, बारा वर्षं आशा सेविका म्हणून मिरवणारी, ऐकत गेले. माझ्या पोरांची कुंची तरी मी कुणाला काढू दिली होती?

५ फेब्रु., गुरुवार
कोमलचा नवरा कारखान्यावर, म्हणून बारामतीला मीच सोबत. डॉक्टरांनी तीनदा मोजलं. मेंदूची वाढच कमी. डोकं वाढवायचं औषध नाही. पण मानेचे, हातांचे, नजरेचे व्यायाम जितके लवकर तितके बरे. त्यांनी विचारलं, "आधी का नाही आणलं?" कोमल म्हणाली, "ताई दर महिन्याला मोजत्यात की वो." माझी बाजू घेतली तिनं! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

८ फेब्रु., रवि.
कोमलनं विचारलं, "ताई, आधी कळलं असतं तर डोकं वाढलं असतं का?"
"नाही."
खरंच आहे ते. पण अर्धंच. घरी ह्यांना सांगितलं, तर म्हणे, "गप बस. कोण विचारतंय?"

१२ फेब्रु., गुरु.
शरयूला पोटावर झोपवून पुढ्यात खुळखुळा. रडून गोंधळ. आक्का तावातावानं, "लेकराला कशाला छळताय गं?" मग त्याच टाळ्या वाजवायला बसल्या. पोरीनं मान उचलली, क्षणभरच. कोमल काय हसली! मला तिथं थांबवेना.

१३ फेब्रु.
सांगून टाकलं. "डोकं वाढलं नसतं, पण व्यायाम पाच महिने आधी सुरू झाले असते. कुंचीवरून मोजलं मी. चूक माझी."
कोमलनं पोरगी माझ्या मांडीवरून उचलून घेतली. शिव्या देईल वाटलं, द्यायला हव्या होत्या. ती म्हणाली, "अजून कुणाकुणाचं असं मोजलंय?"

घरी आल्यापासून वही उघडून बसलेय. पावसाळ्यात, थंडीत जन्मलेल्या पोरांची चौदा नावं. कुणाची कुंची काढली होती, कुणाची नाही, एकाचंही छातीठोक सांगता येईना. उद्या पहिलं घर...