रुसवा नव्हे, दाढ

मुक्काम चुडावा, आश्विन शुद्ध एकादशी

राजश्री दिनकरराव व्याही यांस,

लिंबाजीचा दोन्ही हात जोडून रामराम. तुमची, विहीणबाईंची आणि सूनबाई तानुबाईची प्रकृती दातांसकट चांगली असावी. इकडे दाढ सोडून सर्व ठीक, म्हणजे काहीच ठीक नाही. तुमचा निरोप सटवाजीनं पोचवला: "रुसून सोनं उतरवणाऱ्याच्या घरी मी लेक धाडत न्हाई." आखाडाला माहेरी गेलेली सून दिवाळी तोंडावर आली तरी का परतली नाही, ते आज कळलं. ऐकून आमच्या घरात चूल पेटली नाही. (पेटली असती तरी मी काय खाणार होतो?)

दिनकरराव, मी रुसलो नव्हतो. माझी दाढ दुखत होती. हळद लागली तेव्हापासूनच ती ठणकत होती, आणि तुमच्या मांडवात शिरेपर्यंत डावा गाल पुरीसारखा टम्म फुगला. जबडा मिटला तो मिटलाच. पंगतीत तुम्ही पोळीवर तुपाची धार धरलीत, मी मान हलवली. वरबाप रुसायचाच, असं समजून तुम्ही धोतरजोडी पुढं ठेवलीत. मी पुन्हा मान हलवली, तुम्ही जरीचा फेटा ठेवलात. (आमच्या भावकीतले बन्सीधर शेजारी बसून, "अजून ताणा, लय देतेत," म्हणत कोपरानं ढोसत होते. ते कोपर थेट दाढेपर्यंत पोचत होतं.) शेवटी दुखती जागा दाखवावी म्हणून मी कानाखाली बोट नेलं. तुम्ही क्षणभर माझ्याकडं पाहिलंत आणि स्वतःच्या कानातली भिकबाळी काढून माझ्या ताटाशी ठेवलीत. मग थोड्या वेळानं मी दोन घास भात गिळला, हे खरं. ते पाहून सगळा मांडव हसला, हेही खरं. तुम्ही हसला नाहीत, पण लेक सासरी निघाली म्हणून असेल असं मला वाटलं. भिकबाळी तुम्ही हौसेनं दिलीत असं समजून मी ती शकुनाची म्हणून कोपरीच्या खिशात जपून ठेवली.

पुढचं ऐका. घरी आल्यावर आमच्या मंडळीनं, कमलबाईनं, बाभळीच्या सालीच्या काढ्यानं चुळा भरायला लावल्या. मग वैदू आला. त्यानं रिंगणीच्या बियांची धुरी दिली आणि दाढेतले किडे म्हणून पांढरं काहीबाही पाण्यात काढून दाखवलं. (तेव्हापासून कमलबाई माझ्याजवळ बसेना.) मग आश्रुबा न्हाव्यानं छातीवर गुडघा रोवून दाढ उपटली, ती शेजारची निघाली. त्या बिचारीचं काहीच दुखत नव्हतं. तेव्हा हैदराबादची गाडी धरली. तिथले दातांचे डॉक्टर म्हातारे आणि भले. तोंडात आरसा घालून म्हणाले, "शरीफ दाढ गई, बदमाश रह गई." एक तर बदमाशही उपटायची, किंवा सगळेच दात काढून कवळी लावायची, नाहीतर कीड कोरून वर सोन्याचं टोपण बसवायचं, असं त्यांनी समजावून सांगितलं. कवळी त्यांनी पेल्यातल्या पाण्यात दाखवली. ती माझ्याकडं बघून हसत होती. असलं हसू उशाशी ठेवून मला झोप लागली नसती. म्हटलं, टोपण बरं. पण सोनं आपलं आपण द्यावं लागतं, आणि सोनं म्हणजे माझ्या खिशात काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

पंगतीत माझ्यामुळं तुमची मान खाली गेली, याचं फार वाईट वाटतं. विहीणबाईंना नमस्कार. घरातल्या सर्वांनी रोज राखुंडीनं दात घासावेत, आळस करू नये.

जगलो-वाचलो तर आपलाच,
लिंबाजी

ता. क. भिकबाळी दाढेसकट परत करायची माझी तयारी आहे. पण डॉक्टर म्हणाले, टोपण माझ्यामागंही टिकेल. तसं झालं तर राखेतून वेचून ते तुम्हाला पोचवायचं, असं तुमच्या जावयाला, मुंजाजीला, सांगून ठेवलं आहे. तो हो म्हणाला, पण सूनबाई गेल्यापासून त्याचं कशात लक्ष नाही.

आणखी ता. क. मी भात गिळला तो सोनं पाहून नव्हे. नवरानवरी पंगतीत पाया पडायला आली, तेव्हा तुमच्या लेकीनं मुंडावळ्यांआडून माझा गाल पाहिला. विड्याची लवंग माझ्या मुठीत सरकवली आणि पुटपुटली, "मामंजी, दाढंत धरा." एवढ्या माणसांत मला दुखतंय हे तिला एकटीलाच कळलं. दिनकरराव, तिला पाठवा अशी विनंती आहे. नाही म्हणायचा हक्क तुमचा. पण नाही म्हणताना तुम्ही तिला एकदा तरी विचारलंत का?