भिंतीला मारायचं पाणी

आप्पा, आज नळाला चांगली धार होती. छपाईची फ्रेम धुवायला बसले आणि तुमचा निळा कॅन आठवला, म्हणून लिहितेय. पिशोरकडची मेंढरं विकून आपण शहरात, मुकुंदवाडीत आलो, त्या दुष्काळात तुम्हाला काम काय मिळावं, तर नव्या इमारतीला पाणी मारायचं! सिमेंट ओलं राहावं म्हणून साइटवर रोज टँकर, आणि घरी हंडे पालथे. "माणसं तहानली आन् भिंती न्हातात," आई म्हणायची. तुम्ही भाकरी मोडत राहायचात.

मी कॉलेजात स्क्रीन प्रिंटिंग शिकत होते. तीच इमारत छापायची ठरवली. करडे मजले, विटकरी गॅलऱ्या, एकेका रंगाला एक जाळीची फ्रेम. जाळीला रसायन लावून, वर चित्र ठेवून उन्हात धरलं की लगेच पाणी मारावं लागतं, नाहीतर चित्र जाळीतच बुजून जातं. मी शहाणी! आधी ऊन दिलं, मग हंड्यात पाहिलं. ठणठणीत. रडकुंडीला आले, तोच तुम्ही सायकलला कॅन लटकवून दारात. मुकादमाला विचारून साइटवरून प्यायला आणलेलं पाणी. आई ओरडली, "अहो, प्यायचंय ते!" तुम्ही तांब्या घेऊन जाळीवर ओतायला लागलात. "भिंतीलाच मारायचं व्हतं, भिंतीलाच मारतोय. काय बिघडलं?" जाळीत एकेक खिडकी उघडत गेली, आणि आईसुद्धा बघत राहिली.

पहिला कागद निघाला. विटकरी रंग जरा सरकलेला. तुम्ही हात शर्टाला पुसून तो धरलात, वरच्या मजल्यावर बोट ठेवलंत. "इथं मी असतो. हा मला दे, पोरी."

"सरकलाय आप्पा. नीट निघाला की देते."

"लई नीट काय करायचंय? बरं, दे सवडीनं."

पुढं शहर वाढत गेलं आणि मी छापत गेले. जालना रोडवरच्या काचेच्या इमारती, उड्डाणपूल, सगळं. लोकांनी दिवाणखान्यात लावलं. तुमच्यासाठीचा कागद मात्र दरवेळी मला कुठं ना कुठं चुकलेलाच दिसायचा. तुम्ही परत मागितला नाहीत. मला वाटलं, विसरले असतील. तुम्ही गेल्यावर घर रंगवायला काढलं, तेव्हा तुमच्या खाटेसमोर भिंतीत एक रिकामा खिळा दिसला. आई म्हणाली, "तुझ्या चित्रासाठी ठोकलाय. कुणाला टोपीसुद्धा अडकवू दिली नाय त्यांनी." आप्पा, जीव तुटतो हो.

तो पहिला कागद मी टाकला नव्हता. आज फ्रेम करून त्या खिळ्याला लावला. हे पत्र त्याच्याच मागं खोचून ठेवीन. आई डोळे बारीक करून बघत होती. "निघाला का गं शेवटी नीट?"

"तेव्हाच निघाला होता," मी म्हणाले.