लाल शाईतला ‘ब्रिलियंटली’

१४ जुलै, सोमवार
दहावीला आज ‘ब्रिलियंटली’ शिकवला. दिव्याबद्दल म्हणायचं तर लख्ख, झगझगीत. माणसाच्या कामाबद्दल — डोळे दिपतील इतकं छान! हिर्डोशीच्या शिवानीने विचारलं, “मॅडम, हा शब्द कदी वापरायचा?” मी ऐटीत म्हटलं, “खरंच दिपलीस तरच. ऊठसूट नाही.”

आणि मी? पन्नास वह्या, लाल पेन, प्रत्येकीत ‘ब्रिलियंटली रिटन’. वाचतंय कोण! खेड्यातली पोरं, तेवढ्यानेच खूश होतात — असं आपलं स्वतःला सांगायचं.

१७ जुलै
शिवानीचे वडील, जगन, शाळेत आले. टेम्पो चालवतात. “पोरीच्या इंग्रजी निबंदाची फ्रेम केलीय. तुमी लिवलंय ना — ब्रिलेंटली! रविवारी घरी या, समद्यांना वाचून दावा.”
फुगले मी. लगेच हो म्हणाले.

२० जुलै, रविवार
भिंतीवर फ्रेम. ‘माय फादर’. खाली माझा शेरा. शिवानीची थोरली बहीण रत्ना चहा घेऊन उभी. आणि मी तो निबंध पहिल्यांदाच वाचत होते!

शिवानीने लिहिलं होतं: वडिलांनी ताईची शाळा दहावीत बंद केली. ताई धुणं धुताना माझे धडे पाठ म्हणते. आता माझी पाळी. मला वडील आवडत नाहीत.

जगन म्हणाले, “मराठीत सांगा, मॅडम.”

सांगितलं. माझे वडील फार कष्टाळू, आम्हा दोघींना जीव लावतात, अगदी देवमाणूस! धडधडीत थापा. शिवानीने मान वर केली नाही. रत्ना कप उचलून आत गेली. जगन फ्रेमकडेच बघत राहिले. मला वाटलं, भारावले.

२१ जुलै
मधल्या सुट्टीत शिवानी आली. “मॅडम, तुमी तवा वाचलाच न्हवता ना?”
“नाही.”
“मला वाटलं हुतं, वाचून तुमी कायतरी कराल.”
लाज वाटते. दुसरा शब्द नाही. जेवण गेलं नाही. मंदारने विचारलं, काय झालं? नवऱ्यालाही सांगवेना. डोकं दुखतंय म्हणाले.

२२ जुलै
वह्या तपासल्या. सहाच झाल्या. सगळ्या वाचल्या.

२३ जुलै
जगनचा फोन.
“मॅडम, कापूरहोळच्या ग्यारेजातल्या बंटीनं मला समदं कवाच वाचून दावलंय. म्हणून तर भितीला लावलंय, रोज दिसावं म्हणून. रत्नाचा सतरा नंबरचा फॉर्म आणलाय, भाईरून परीक्षेला बसवायचं. पर चुकलो म्हणायला माज्या तोंडातनं शब्द फुटंना. तुमी वाचाल, मग फॉर्म तिच्या हातात देईन, असं ठरवलं हुतं. तुमी मला देवमानूस केलं! मी बी ते ऐकून घेतलं, आता ती फॉर्मला हात लावंना.”