निरंक

मेट्रनबाई,

मागच्या मंगळवारी चंद्रपूरच्या कामगार कार्यालयात तुमचा विषय निघाला. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी निघाला. टेबलाच्या एका बाजूला आपला दवाखाना चालवणाऱ्या संस्थेचे अधिकारी आणि वकील, दुसऱ्या बाजूला युनियनच्या आम्ही पाचजणी, मध्ये सरकारी साहेब. तो विषय कसा निघाला हे तुम्हाला माझ्याकडूनच कळावं, म्हणून लिहायला बसले. गोड करून लिहिणं मला जमत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

माझ्या अंगठ्यापासूनच सुरुवात करावी लागेल. नागपूरला नर्सिंग शिकून मी नुकतीच रुजू झाले होते. पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड, सकाळची पाळी. इंजेक्शन दिल्यावर सुईला टोपण लावायला गेले आणि सुई अंगठ्यात घुसली. कॉलेजात शिकवलं होतं की अपघात झाला की आधी नोंद. मी ऑफिसच्या दिशेनं निघाले. तुम्ही व्हरांड्यात मनगट धरून मला थांबवलंत, बेसिनपाशी नेलंत आणि नळ पूर्ण सोडून अंगठा दाबत राहिलात.

"कुठी निघाली होतीस?"

"रजिस्टरमध्ये लिहायला."

"लिही. उद्या मेमो येते. निष्काळजीपणा, असं लिवलेलं राह्यते त्याच्यात. तिसऱ्या मेमोले घरी. गावी सावलीले जाऊन बापाले काय सांगशील, काऊन आली म्हणून?"

स्पिरिटचा बोळा बांधून तुम्ही मला पुन्हा वॉर्डात उभं केलंत. पाळी संपल्यावर मात्र क्वार्टरवर नेलंत. तुमच्या त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात पाटावर बसवून भात, वरण आणि जवसाची चटणी वाढलीत आणि माझ्याकडे पाठ करून, स्टोव्हला पिन मारत बोललात. "दुसऱ्या पोरीयले मेमो म्हणजे कागद. आपल्याले मेमो म्हणजे, ह्याईले जमतच नाई, असा शिक्का. मी तो बसू नाई देल्ला. तूही बसू देऊ नको." आपल्या वस्तीतून नर्सची पांढरी साडी नेसलेल्या तुम्ही पहिल्या. तुमच्या बोलण्यात मला तेव्हा फक्त माया दिसली. ती होतीच. आजही मी ती नाकारत नाही.

पुढे मी वॉर्डची इन्चार्ज झाले, तेव्हा ते रजिस्टर माझ्या हाती आलं. महिना संपला की प्रत्येक इन्चार्जनं त्यात एक ओळ लिहायची. या महिन्यात कुणाला सुई टोचली, कुणाला इजा झाली. काही घडलं नसेल तर 'निरंक' आणि खाली सही. घडत तर होतंच. चादरीच्या घडीतून सुया निघत, कचऱ्याच्या पिशवीतून आयांच्या बोटांत जात. आम्ही नळ सोडायचो, बोट दाबायचो, स्पिरिट लावायचो, चहा पाजायचो आणि महिनाअखेर निरंक लिहायचो. माझं अक्षर चांगलं. तपासणीला आलेले लोक ती पानं उलटून मान डोलवायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटायचा.

तीन वर्षांपूर्वी एटापल्लीकडची एक मुलगी वॉर्डात आली. गोंडी बोलणारी, अंगानं किरकोळ, कामाला वाघीण. आता दवाखान्यात निम्म्याहून जास्त सिस्टर एजन्सीच्या, कंत्राटी असतात. अकरा महिन्यांचा कागद, मग पुन्हा नवा. तुमच्या वेळी हे नव्हतं. एका दुपारी ड्रेसिंगच्या ट्रेमध्ये कुणीतरी उघडी टाकलेली सुई तिच्या तळहातात गेली. ती ज्या पेशंटला टोचलेली होती, तो काविळीचा होता. ती माझ्यासमोर हात धरून उभी. "बाई, लिवू का?"

मी तिला बेसिनपाशी नेलं. तिचं मनगट धरलं.

"कागद कधी संपतो तुझा?"

"पुढच्या महिन्यात."

"मग लिहू नकोस. काविळीची लस झालीय ना?"

"एक झाली, बाई."

एक. लागतात तीन. कायमच्या कर्मचाऱ्यांना संस्था देते. कंत्राटींची एजन्सी देईल असं संस्था म्हणते, संस्था देईल असं एजन्सी म्हणते. हे मला माहीत होतं. मी विचारलं, उत्तर ऐकलं आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. त्या दिवशी नोंद झाली असती तर डॉक्टरांना तिला लगेच संरक्षणाचं इंजेक्शन द्यावं लागलं असतं. महिनाअखेर मी निरंक लिहिलं. तिचा कागद नवा झाला. आम्ही दोघींनी पेढा खाल्ला.

काही महिन्यांनी तिचे डोळे पिवळे झाले. कावीळ उतरली, आजार गेला नाही. तो आता तिच्या यकृतात मुक्कामाला आहे, गोळ्या कायमच्या. एजन्सीनं तिला 'कामास अयोग्य' ठरवून काढलं. संस्थेनं कळवलं की हा आजार कामावर लागल्याचा पुरावा नाही.

आमची युनियन इतकी वर्षं फक्त कायमच्यांची होती. ती बदलली एका आयेनं. तीच आता सेक्रेटरी आहे. कंत्राटी आहे, दहावी नापास आहे, आणि बोलायला लागली की साहेबलोक खुर्ची मागे सरकवतात. पहिल्या सभेत माझ्याकडे बघून म्हणाली, "सिस्टर, तुमी पर्मनंट, आमी हंगामी. पण सुई काई कागद पाहून टोचत नाई न!" बायका हसल्या. मी हसले नाही. सभा संपल्यावर मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिनं तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकला. "हे मले सांगून काय फायदा? टेबलावर सांगान का?"

मंगळवारी टेबलावर संस्थेच्या वकिलानं आधी रजिस्टर ठेवलं. सहा वर्षांची पानं साहेबांसमोर उलटून दाखवली. "एकही अपघात नाही, सर. ज्या महिन्यात ही मुलगी सुई टोचली म्हणते, तोही निरंक. खाली इन्चार्जची सही." समोरच्या बाकावर ती मुलगी ओढणीनं तोंड अर्धं झाकून बसली होती. तिच्याविरुद्धचा पुरावा माझ्या सुरेख अक्षरात होता.

मी उभी राहिले. म्हणाले, "सही माझी आहे. नोंद खोटी आहे. हिला सुई टोचली तेव्हा मी हजर होते आणि लिहू नको असं हिला मीच सांगितलं."

"बसून बोला, बाई," साहेब म्हणाले.

वकिलानं विचारलं, "म्हणजे तुम्ही खोटं रेकॉर्ड ठेवलं, हे कबूल?"

"कबूल."

मग संस्थेचे एचआरचे अधिकारी पुढे झुकले. शांत, सभ्य माणूस. माझ्याकडे पाण्याचा ग्लास सरकवला. "मॅडम, तुमची सर्व्हिस स्वच्छ आहे. रिटायरमेंट जवळ आहे. जुन्या मेट्रन फार कडक होत्या असं आम्ही ऐकलंय. ही त्यांनी लावलेली सवय असेल ना? तसं असेल तर तसं लिहून द्या. तुमच्यावर काही येणार नाही."

बघा, किती सोयीचं होतं. मेलेल्या बाईची सवय. संस्था सुटली, मी सुटले, आणि त्या मुलीच्या हाती सहानुभूती.

मी पाणी प्यायले. ग्लास खाली ठेवला. म्हणाले, "मेमो मेट्रन काढत नव्हत्या. मेमो तुमच्या ऑफिसातून यायचा, आजही येतो. जी लिहील तिला मेमो, म्हणून कुणी लिहीत नाही. मेमो मिळालेल्या बायका दाखवू?" सेक्रेटरी उठलीच. पदर खोचून म्हणाली, "साहेब, भाईर पायऱ्यांवर बसून हायेत. बोलावू का? पण तुमच्याकडं एवढ्या खुर्च्या नाई बा."

त्या आत आल्या. एकेकीनं जुना मेमो काढला. घडीवर फाटलेले, कपाटाच्या तळाशी जपून ठेवलेले कागद. एकीनं तर प्लॅस्टिकच्या पिशवीत आणला होता. साहेबांनी सगळे वाचले, एकही न वगळता.

संस्थेनं दोन गोष्टी लिहून दिल्या. कंत्राटींसह सगळ्यांना लस, आणि अपघाताची नोंद केली म्हणून कुणाला मेमो नाही. मुलीच्या नोकरीचं आणि औषधाचं मात्र 'विचाराधीन'. ते प्रकरण आता कामगार न्यायालयात जाईल, आणि तिथे वर्षं कशी जातात ते तुम्ही पाहिलं आहे. मला खोट्या नोंदीबद्दल आरोपपत्र आलं आहे. ते बरोबरच आहे. उत्तरात मी एवढंच लिहिलं की आरोप मान्य, पण सोबत मेमो काढणाऱ्यांनाही बोलवा.

मंगळवारी बैठक संपल्यावर बाहेर पायऱ्यांवर मी त्या मुलीजवळ गेले. एटापल्लीची एसटी दुपारची होती, तिला घाई होती. "बाई, तुमी खरं बोल्ल्या, चांगलं केलं," ती म्हणाली. मग पिशवी खांद्यावर घेत, माझ्याकडे न बघता, "पण तवा मी लिवू का म्हणून इचारलं होतं न." रिक्षा आली, ती गेली.

हे पत्र तुमच्या मुलाला नागपूरला पाठवावं असं आधी मनात होतं. आपल्या आईचं नाव तिथे निघालं हे त्याला इतर कुणाकडून कळू नये. पण पाठवणार नाही. युनियनमधल्या बायका सांगत फिरतात की सिस्टरनं मेट्रनबाईंवर बोट ठेवू दिलं नाही, आणि तोही तेच ऐकेल, समाधान मानेल. त्याच्या हाती हा कागद पडला तर पुढचंही वाचावं लागेल. त्या एचआरच्या माणसानं तुमचं नाव पुढे केलं तेव्हा मला राग आला नाही, बाई. मला सुटल्यासारखं वाटलं. 'हो, त्यांनीच शिकवलं' हे वाक्य तोंडात तयार होतं. तहान मला मुळीच नव्हती. ते वाक्य गिळायला पाणी लागलं.