केशरी चिंधी, गुलाबी चिंधी

मी, सुषमा दगा पाटील, वय ४८, राहणार डिंडोली, सुरत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डोकं ठिकाणावर आहे. कुणाची बळजबरी नाही.

१. डिंडोलीचं घर माझ्या नावावर आहे. पती दगा यांनी त्यात हयातभर राहावं, नंतर ते मुलगी योगिताचं. बँकेतली ठेवही तिला. माझ्या साड्या वाटताना भांडू नये. चांगल्या दोनच आहेत.

२. सोल्डरिंगची पेटी आणि मीटर योगिताला. शिकवलेला क्रम पुन्हा लिहिते. इलेक्ट्रॉनिक ड्रमचा एखादा पॅड मुका झाला की चालू पॅडची केबल त्याला लावून पाहावी. वाजला, तर दोष केबलीत. नाही वाजला, तर पॅड उघडून आतली बारीक तार सुटली का ते पाहावं. मॉड्यूल, म्हणजे आवाज काढणारी पेटी, त्यानंतर. वाजवणाऱ्याला दोष सगळ्यात शेवटी. हा क्रम मी एकदा मोडला.

३. ड्रमचं स्टूल मोठे दीर बन्सीलाल यांना. बाईने आमच्या घरच्या ऑर्केस्ट्राच्या वायरी जोडाव्यात हे त्यांना कधी पटलं नाही. जेवायला मात्र ते याच स्टुलावर बसत.

४. संपूर्ण इलेक्ट्रॉनिक ड्रम, पूर्वी तो आमच्याकडे वाजवणारे गोपाल सोनवणे, राहणार चलथाण, यांना. कारण असं:

दगा बमरोलीच्या डाईंग मिलमधून नमुन्याच्या चिंध्या आणत. प्रत्येक केबलीच्या दोन्ही टोकांना मी एकाच रंगाची चिंधी बांधत असे. स्नेअर ड्रमच्या पॅडला केशरी, झांजेच्या पॅडला गुलाबी. २०१४ च्या गणपतीत मंडपात लाल दिवे होते. त्या उजेडात दोन्ही रंग एक झाले आणि मी केबली उलट्या जोडल्या. गोपाल स्नेअर वाजवी, झांज वाजे.

"वहिनी, मी बराबर वाजाडी राह्यनू," तो म्हणाला.

"हात कुठे पडतो ते कळत नाही, आणि म्हणे ड्रमर," बन्सीलाल भाऊजी माइकवरून म्हणाले. लोक हसले. मी केबल तपासलीच नाही. गोपालने काठ्या स्टुलावर ठेवल्या आणि तो ऑर्केस्ट्रा सोडून गेला.

सकाळी उन्हात चिंध्या पाहिल्या तेव्हा कळलं. अकरा वर्षं मी कुणाला सांगितलं नाही. हे कलम भाऊजींसमोर मोठ्याने वाचावं.

पुरवणी: वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. तेव्हा मरणाची वाट कशाला पाहायची, असं वाटलं. आज गोपालला बोलावलं आणि भाऊजींसमोर कलम ४ मीच वाचलं. गोपालने चिंध्या खिडकीशी धरून पाहिल्या. म्हणाला, "वहिनी, आते चिंधीवर आकडा लिखा."

भाऊजींनी विचारलं, "मग मी माइकवर बोललो ते?"

"ते तुम्हीच बोला आता," मी म्हटलं. त्यांनी त्याला स्टुलावर बसवलं आणि माफी मागितली.

ड्रम आज दुपारी टेम्पोतून चलथाणला गेला. कलम ३ आणि ४ रद्द. स्टूलही सोबत गेलं. आता दोघांनाही माझ्याकडून काही मिळायचं नाही, म्हणून दोघांनी साक्षीला सही करावी.

वरचं सगळं वाचून, माझं म्हणून, मी सही करते.

सुषमा दगा पाटील

आमच्यादेखत सही झाली:
१. बन्सीलाल पाटील
२. गोपाल सोनवणे, ड्रमर

डिंडोली, सुरत
१९ नोव्हेंबर २०२५