नुसता चिरून शिवलेला उंदीर

दि. ३ जून

चि. काडीस अनेक आशीर्वाद.

फोनवर मी दोन वाक्यं बोलते न बोलते तोच तुझा उपदेश सुरू होतो, म्हणून हे पत्र. इथे तरी तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

माझी साखर आता डोळ्यांवर आली आहे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशीच राहिली तर वर्ष-दोन वर्षांत नजर जाईल. लोकांचे कपडे शिवून घर चालवणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे काय ते तुला कळायला हरकत नाही. काल सुईत दोरा ओवायला गिऱ्हाइकाची मदत घ्यावी लागली. गिऱ्हाईक तरी कोण, तर माप देताना श्वास आत ओढून धरते आणि मग ड्रेस घट्ट झाला म्हणून भांडते ती. तिच्यापुढे सुई धरायची वेळ आली.

पोट लहान करून आतडं थेट त्याला जोडायचं, ते ऑपरेशन करून घे असं सर्जन म्हणतो. माणूस दुकानदारासारखा गोड बोलतो, पण त्याच्याकडच्या चौघींना मी गाठून विचारलं, त्यांची साखर खरंच उतरली आहे. नणंदबाईंनी मात्र घर डोक्यावर घेतलंय. तोंडाला कुलूप लावायचं सोडून पोट कापून घेणं म्हणजे आळशीपणाचा कळस, असं त्या दिवसभर सोफ्यावर बसून सांगतात. तुझ्या भाऊजींचं नेहमीचं तळ्यात-मळ्यात. म्हणतात, काडी हेच ऑपरेशन उंदरांवर करतो, तो हो म्हणाला तर मी सही करतो. म्हणजे माझ्या पोटाचं उंदरांच्या डॉक्टराने ठरवायचं. तर ठरव आणि कळव.

लोभ वाढवू नकोस, आमच्याकडे वाढायचं ते पुष्कळ वाढलं आहे. आहे तेवढा टिकव.

तुझी ताई

दि. ११ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

मत विचारलंस म्हणून सांगतो: नको. मी उंदरांना कापतो, कारण उंदरांना समजावून सांगता येत नाही. तुला येतं. निदान येत असावं.

या ऑपरेशनने शरीरात नेमकं काय होतं ते आमचे सर शोधतात. त्यासाठी लठ्ठ उंदरांचे दोन गट केलेत. एकाचं खरं ऑपरेशन. दुसऱ्याचं पोट नुसतं चिरून परत शिवायचं, आत काही बदलायचं नाही, आणि खाणं मोजून इतकंच द्यायचं की वजन पहिल्या गटाएवढं उतरावं. खऱ्या ऑपरेशनवाल्यासमोर साखर-लोण्याचा गोळा ठेवला तर तो हुंगतो, जरासा खातो आणि पाठ फिरवून झोपतो. रक्तातली साखर तर त्याचं वजन उतरायच्या आधीच खाली येते. आणि नुसता चिरलेला? तेवढंच वजन, तसेच टाके, पण दिवसभर पिंजऱ्याचे गज चावत असतो. खाणं टाकायला हात घातला की बोट पकडतो. त्याचं नाव मी हावरट ठेवलंय. राग मानू नकोस, पण त्याला बघितलं की तुझी आठवण येते. डाएटवर असलीस की तूही अशीच घरभर वसवस करत फिरतेस. जित्याची खोड, दुसरं काय.

तेव्हा तीन महिने मी सांगतो तसं मोजून खा. नणंदबाईंच्या बोलण्यात तथ्य आहे. भाऊजींना तसंच कळवणार आहे.

रागावशील, पण राग गिळून टाक. गिळण्यात तुझा हात कोण धरणार.

तुझा,
काडी

दि. १८ जून

चि. काडीस आशीर्वाद, मोजून एक.

पत्र तीनदा वाचलं. आधी रडले, मग चिडले, शेवटी तुझी कीव आली. इतकी वर्षं शिकलास आणि नाकासमोरचं दिसत नाही. नजर माझी चालली आहे की तुझी?

दोघांचं वजन सारखं, टाके सारखे, हे तूच लिहितोस. मग एक झोपतो आणि दुसरा गज चावतो, ते का? झोपणाऱ्याला तू चार हिताच्या गोष्टी सांगितल्या होत्यास? नणंदबाईंकडे शिकवणीला पाठवला होतास? त्याच्या आतड्यांत तू फिरवाफिरव केलीस आणि त्याची भूक शमली. दुसऱ्याची शमली नाही, तर तो हावरट. शाब्बास.

मी तोच दुसरा उंदीर आहे. मोजून खाणं मी आजवर अकरा वेळा केलंय, दर वेळी वजन उतरलंय. लोक म्हणायचे, किती छान दिसतेस, आणि मी त्यांच्या ताटाकडे बघत असायचे. शिवताना खाणं, झोपेत खाणं, डोक्यात दुसरं काही शिरायचंच नाही. लाजेपोटी हे कधी कुणाला सांगितलं नाही. तू उंदराचं लिहिलंस म्हणून सांगते आहे.

भाऊजींना काय कळवायचं ते आता नीट ठरव. आणि त्या बिचाऱ्याचं नाव बदल.

लोभाचं नंतर बघू.

ताई

दि. २६ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझा प्रश्न सरांना माझा म्हणून विचारला. ते हसले. म्हणाले, मग तो दुसरा गट आपण कशासाठी ठेवलाय असं वाटत होतं तुला इतके दिवस?

त्या उंदराला एकदा पोटभर घालायची परवानगी मागितली. प्रयोग बिघडेल म्हणून ती मिळाली नाही. महिनाअखेरीला दोन्ही गट मारून आतडी तपासायची आहेत, तोवर तो असाच राहणार. मला आता त्याच्याकडे बघवत नाही.

भाऊजींना 'करून घ्या' असं कळवलं आहे. धोका आहे. माझ्या टेबलावर दहांतला एखादा उंदीर जातो, तुझा सर्जन माझ्यापेक्षा बरा असेल अशी आशा. जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतील, आणि काहींचं वजन परत चढतंही. ताई, मला भीती वाटते आहे.

लोभ ठेवावास असं मी काही केलेलं नाही, तरी ठेव.

काडी

दि. ९ सप्टेंबर

चि. काडीस अनेक आशीर्वाद.

साखर उतरली, इन्सुलिन बंद झालं. डोळ्यांच्या बाई म्हणतात, गेलं ते येणार नाही, पण आहे ते बहुतेक टिकेल. सुई मीच ओवते, चष्मा लावून, शिव्या देत.

परवा नणंदबाईंनी चार बायकांत माझं कौतुक केलं, की शेवटी मनावर घेतलंस, संयम शिकलीस. सही होऊ नये म्हणून आठवडाभर तोंड फुगवून बसल्या होत्या त्याच या. मी म्हटलं, मी मनावर काही घेतलेलं नाही. त्यांना तो माझा विनय वाटला. अशा माणसांपुढे डोकं फोडून काय उपयोग.

म्हणून तुला सांगते. काल जेवताना घास हातात होता आणि मला तो नको झाला. कुणाचा धाक नव्हता, लाज नव्हती, नुसता नको झाला. अर्धं ताट टाकून उठले, मशीनवर बसले, आणि संध्याकाळपर्यंत खाण्याचा विचारसुद्धा आला नाही. खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण मला असा संताप आला की हातातली कात्री मी टेबलावर आपटली. आई सगळ्यांदेखत मला तुझं ताट दाखवायची. बघ, काडी कसा अर्ध्यावरून उठतो, शिक त्याच्याकडून काहीतरी. तू धाकटा असून मी जन्मभर तुला मोठा मानत आले. आणि तू काहीच करत नव्हतास रे. तुला फक्त भूक नव्हती.

लोभ आहे तसा राहील. मान तेवढा परत घेतला आहे.

तुझी ताई