सलग घंटा

सोमवार, ता. ३

आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी येथे सुखरूप पोहोचलो. शाळा पाहून मन प्रसन्न झाले. दुमजली इमारत, नवा रंग, समोर नदी, आणि व्हरांड्यात टांगलेली पितळी घंटा अशी, की चाळीस वर्षे शाळेत घंटा देणाऱ्या माझ्यासारख्याने तिला आधी हात जोडावेत. व्यवस्थापक अदबीने बोलतात, मला बाबा म्हणतात. लढाई नदीपलीकडे आहे, शाळेवर कोणी हात उगारत नाही, असे त्यांनी सांगितले.

येथे येण्याचे कारण नमूद करतो. माझ्या नातीला, म्हणजे मुलीच्या मुलीला, या शाळेने इंग्रजी शिकवण्याची नोकरी देऊ केली आहे. त्यासाठी तिचा तासभराचा नमुनापाठ फोनवरून रेकॉर्ड करून घेतला. मी मागे बसलो होतो, आणि नेमका मला खोकला आला. तिने मधेच हळू आवाजात सांगितले, आजोबा, पाणी घ्या. मी फार ओशाळलो. पुढे घरात दोन तट पडले. जावई म्हणाले, असा पगार सात जन्मांत मिळायचा नाही. मुलगी रडत बसली. नात म्हणाली, आजोबा हो म्हणतील तरच जाईन. मी म्हणालो, मुलगी द्यायची तर घर आधी डोळ्यांनी पाहावे. मी पाहून येतो. शाळेला घंटा देणारा माणूस हवाच होता.

ती माझ्याच शाळेत शिकली. सलग घंटा झाली, म्हणजे शाळा सुटली, की सारी मुले फाटकाकडे पळत. ही तेवढी उलटी माझ्याकडे पळत येई आणि माझे बोट धरून घरी जाई.

मंगळवार, ता. ४

छपरावर नदीकडे तोंड करून एक कर्णा बसवला आहे. वरच्या मजल्यावरचा इंग्रजीचा तास त्यातून ऐकू येतो. बाई गोड शिकवतात, मुले एका सुरात उत्तरे देतात. तासात व्यत्यय नको म्हणून मला वर जाण्यास मनाई आहे. मुले मागच्या फाटकाने ये-जा करतात म्हणे. नियम म्हणजे नियम. तोफांचा आवाज होतो, पण तो टेकडीत घुमतो म्हणून जवळचा वाटतो, असे व्यवस्थापक म्हणाले. एवढ्या गडबडीत पाठ खंडत नाही. बाई धीराच्या आहेत. कार्यालयातल्या फोनवरून नातीला कळवले की घर पसंत आहे, ये. शनिवारी निघून सोमवारी पोहोचेल.

स्वयंपाकीणबाई जिभेच्या फटकळ आहेत. ऐकून म्हणाल्या, बाबा, भाजी घेताना देठ बघता, नात बोलावताना जिना चढून बघितलात का? मी घड्याळ पाहून घंटा देण्यास निघालो.

गुरुवार, ता. ६

तीन दिवस काहीतरी खुपत होते, ते आज कळले. येथील मुताऱ्यांना वास नाही. पिण्याच्या नळाखाली चिखल नाही. मधल्या सुट्टीनंतर एक तुटलेले बटण, पेन्सिलीचा तुकडा, एखादे रडणारे पोर, काही नाही. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण चाळीस वर्षे शाळा झाडली आहे. ही शाळा नव्हे.

आणखी एक. घंटेनंतर अकराव्या मिनिटाला बाईंची खुर्ची करकरते आणि त्या हसतात. मंगळवारी हसल्या. बुधवारी हसल्या. आज मी घड्याळ हातात धरून उभा होतो.

शुक्रवार, ता. ७

नियम मोडून वर गेलो. बाके भिंतीला रचलेली. टेबलावर एक यंत्र. बाई त्यातून बोलत होत्या. मुलेही त्यातूनच.

मागच्या खिडकीतून आवार दिसले. जाळीखाली तोफ. टेकडीचे घुमणे वगैरे सारी थाप. माझी घंटा झाली, तास सुरू झाला, की ती डागतात. भरलेल्या शाळेवर पलीकडचे मारणार नाहीत म्हणून. पाच दिवस मी मिनिटभरही न चुकता त्यांना इशारा दिला. वर त्याचा अभिमान बाळगला.

जाब विचारला. व्यवस्थापक चहा ढवळत म्हणाले, बाबा, रागावू नका. इंग्रजी पलीकडच्यांनाही कळतं, साऱ्या जगाला कळतं. पण आता ते दुर्बीण लावून बसतात. नुसता आवाज पुरत नाही, खिडकीत बाई दिसायला हवी. सुरुवातीचे थोडे दिवस.

आधीच्या बाई कोठे, असे विचारले. म्हणाले, घरी गेल्या. स्वयंपाकीणबाई मान वर न करता म्हणाल्या, पेटीतून गेल्या.

फोन मागितला. लाइन तुटली आहे म्हणे. त्यानंतर मी जे बोललो ते येथे लिहिण्याजोगे नाही. एकही शब्द मागे घेत नाही.

शनिवार, ता. ८

ती आज निघाली असेल. फाटकाला कुलूप आहे. पहारेकरी म्हणतो, म्हातारबा, पसंती तुमचीच ना? माझीच. मोठा घर पाहणारा!

घंटा देण्यास नकार दिला. त्यांनीच दिली, वेडीवाकडी. आणि कर्ण्यातून नवा आवाज आला.

तिचा.

ती अजून रस्त्यात आहे आणि येथे शिकवते आहे. नमुनापाठात प्रश्नांनंतर तिने जागा सोडल्या होत्या. त्यांत मुले भरली आहेत, आधीच्या बाईंचीच मुले. विसाव्या मिनिटाला एक म्हातारा खोकला. आजोबा, पाणी घ्या. साऱ्या नदीने ऐकले.

आवाज तर त्यांच्याकडे आहेच. म्हणजे थोडे दिवस खिडकीत उभी केली, की मग तिची गरज —

रविवार, ता. ९

ठरले. उद्या गाडी वळणावर दिसली की सलग घंटा देणार. शाळा सुटली, घरी जा. दहा वर्षे ऐकली आहे तिने, विसरणार नाही. स्वयंपाकीणबाईंना सांगितले. ताटात दुप्पट वाढून म्हणाल्या, जोरात द्या बाबा.

सोमवार, ता. १०

गाडी दिसली. घंटा दिली. देत राहिलो. हातोडी हिसकावली, मग मुठीने दिली. बोटे धड नाहीत, अक्षर वाईट येत आहे. खोलीत कोंडले आहे. खिडकी उंच, बाहेरचे दिसत नाही.

साडेअकरा. कर्णा सुरू झाला. तिचा पाठ.

स्वयंपाकीणबाई दाराबाहेरून म्हणाल्या, गाडी पुलावर थांबली. ऐकली तिने! माझी घंटा ती हजारांत —

पुन्हा आल्या. गाडी वळली म्हणतात. परत गेली. परत गेली! बसा आता बोंबलत, नालायकांनो, तुमच्या यंत्रापुढे —

बाहेर कोणी पळत येत आहे. हलके पाऊल. पहारेकरी कुलूप का काढतो?

हाक आली. आजोबा.

कर्ण्यातली असेल. विसाव्या मिनिटाची. घड्याळ पाहतो. अकरा सत्तेचाळीस.

सतराच. मी अजून खोकलो नाही. खोकलो नाही अजून —

गाडी रिकामी वळली. सारी मुले फाटकाकडे पळत. ती तेवढी —